तिसऱ्या वादळाची पाळी

एप्रिलमधल्या त्या सकाळी यशवंत बच्छाव उठला तेव्हा वारा पडलेला होता. सवयीने त्याने आधी दाराशी जाऊन उंबऱ्याला लावलेला ओला टॉवेल उचलला. रात्रभर अडवलेल्या धुळीने तो विटकरी झाला होता. टॉवेल त्याने बादलीत पिळला, बादलीतले गढूळ पाणी अंगणातल्या डाळिंबाच्या बुंध्याशी ओतले आणि मग गॅसवर चहाचे आधण ठेवले. नळावरचा दिवा पिवळा होता. म्हणजे आज अंघोळ नाही, फक्त स्वयंपाकापुरते पाणी. आले किसता किसता त्याने खिडकीतून पूर्वेकडे पाहिले. सांडिया डोंगराच्या माथ्यावर भिंगाच्या आकाराचा एकच ढग चिकटवल्यासारखा उभा होता. काल संध्याकाळी त्या माथ्यावर हिमकण भुरभुरत होते आणि त्याच वेळी खाली अल्बुकर्कीच्या रस्त्यांवर समोरची गाडी दिसत नव्हती, इतकी धूळ. नदीकाठच्या जर्दाळूंना आलेला फुलोरा गारठ्याने काळा पडून गळून गेला होता. न्यू मेक्सिकोच्या वसंताला एक असा स्वभाव नाही. दुपारी मान भाजते आणि दिवेलागणीला बोटे बधिर होतात. इतकी वर्षे इथे काढूनही यशवंत घराबाहेर पडताना टोपी आणि स्वेटर दोन्ही बरोबर घेई.

चहाला उकळी फुटत असतानाच फोन वाजला. सुमनआत्या. सटाण्याजवळच्या तिच्या गावात तेव्हा संध्याकाळ झालेली असे आणि देवापुढे दिवा लावून झाला की ती भाच्याला फोन करी.

"का रे यशवंता, चहा लिधा का?" पहिले वाक्य अहिराणीत. पुढे तिच्यातली निवृत्त मास्तरीण जागी होई आणि ती पुस्तकी मराठीवर येई.

"घेतोय, आत्या."

"मी इथं बायकांना सांगितलं, आमचा यशवंता तिकडे वादळं वळवतो. तर ती शेवंता म्हणते कशी, मग आधी आपल्या गल्लीतल्या नळाला पाणी वळव म्हणावं."

यशवंत हसला. "वळवत नाही गं. नुसतं बोट लावतो."

"तेच ते. बरं, या खेपेला कुणाची पाळी?"

"डोंगराची की माळाची, ते ठरायचंय."

"त्यात ठरवायचं काय? गेल्या वर्षी ज्याची राहिली, त्याची आधी. पाण्याची पाळी काय दिवाळीला संपते?"

तेवढ्यात चहा उतू गेला आणि त्याने फोन ठेवला.

आत्याचा प्रश्न भाबडा नव्हता. आरम नदीच्या काठच्या त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या फडाची पद्धत होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालची जमीन चार फडांत वाटलेली. पाणी कमी पडले की पंच एक फड कोरडा ठेवायचा ठरवीत. पण गावातल्या प्रत्येक घराचा एकेक तुकडा चारही फडांत असे. त्यामुळे जो माणूस 'हा फड कोरडा' असे म्हणे, तो स्वतःच्या तुकड्यावरचेही पाणी तोडत असे. आणि यंदा जो फड राहिला, त्याची पाळी पुढच्या वर्षी सर्वांत आधी येई. हे कुठे लिहिलेले नव्हते. सूर्य पूर्वेला उगवतो हे तरी कोण लिहून ठेवतो?

*

वातनियोजन केंद्राच्या मोठ्या पडद्यावर पॅसिफिक महासागरातले ते कमी दाबाचे क्षेत्र भोवऱ्यासारखे फिरत होते. उत्तरेकडच्या मुख्य प्रवाहापासून ते तुटले होते आणि आता कोणत्या वाटेने यावे हे त्याचे त्यालाच ठरवता येत नव्हते. इथले जुने हवामानतज्ज्ञ अशा वादळांना भटकी कुत्री म्हणत. ती कोणाच्या दारात जाऊन बसतील ते सांगता येत नसे.

यशवंतच्या सबंध विद्येचे सार एका उदाहरणात मावत असे आणि विद्यार्थ्यांना तो तेच सांगे. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर पावसाचा थेंब पडतो. केसभर पश्चिमेला पडला तर तो कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. केसभर पूर्वेला पडला तर गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. दोन समुद्रांमधले सारे अंतर त्या एका केसात असते. वसंतातले वातावरण अशाच माथ्यावर उभे असते. हिवाळा संपलेला नसतो, उन्हाळा बसलेला नसतो. पूर्वी माणसाला तो माथा दिसत नव्हता. पुढे उपग्रह, समुद्रातले तरंगते मापक आणि गणकयंत्रांची नवी पिढी यांच्या जोरावर तो दिसू लागला. आणि जिथे केसभर फरकाने भवितव्य बदलते, तिथे केसभर ढकलणे माणसालाही जमते, हे ओघाने आलेच.

ढकलण्याचे साधन तयारच होते. कॅलिफोर्नियाच्या खिंडींपासून सांडियाच्या पूर्वेकडच्या माळांपर्यंत पवनचक्क्यांचे जंगल उभे होते. हजारो पात्यांचे कोन एका वेळी थोडे फिरवले की जमिनीलगतचा वारा किंचित अडतो किंवा किंचित सुटतो. आज केलेला तो किंचित फरक चार-पाच दिवसांत शेकडो मैलांचा होतो. पहिला धक्का खिंडींतल्या चक्क्या देत आणि शेवटची दुरुस्ती पूर्वेच्या माळावरच्या चक्क्या करीत. वादळ दक्षिणेच्या वाटेने आले तर ते मेक्सिकोच्या आखातातला दमट वारा माळावर ओढून घेई आणि गवताळ प्रदेशावर पाऊस पडे. उत्तरेच्या वाटेने गेले तर डोंगरांवर बर्फ पडे. पण मग डोंगर ओलांडून उतरणारा तोच वारा कोरडा ठणठणीत होऊन माळावर तुटून पडे आणि तिथली उरलीसुरली मातीही उचलून नेई. डोंगरावरचा बर्फ आणि माळावरची धूळ ही एकाच वादळाची दोन टोके होती. मधले काही नव्हते.

कायद्याने एक गोष्ट मात्र राखून ठेवली होती. वाट कोणती हे यंत्राने सुचवायचे. शेवटची कळ माणसाने दाबायची. हा माणूस म्हणजे यशवंत.

"हे या वसंतातलं दुसरं," संचालक हेलन मर्सर म्हणाली. "आणि यानंतर काही दिसत नाही. हेच शेवटचं."

"गेल्या वसंतात दोन आली. त्याच्या आदल्या वसंतातही दोनच. मोजणी पुढे नेली, तर हे माळाचं आहे."

"मोजणी पुढे नेत नाहीत, यश. तुला माहीत आहे."

"आमच्याकडे नेतात."

"तुमच्याकडे कुठे?"

"जाऊ दे," यशवंत म्हणाला.

करार साधा होता. चक्क्या माळावरच्या लोकांच्या जमिनीवर. म्हणून दर तिसरे वादळ माळाचे. पोसो ब्लांको नावाच्या माळावरच्या गावात, चर्चशेजारच्या खोलीत उभे राहून यशवंतनेच लोकांना हे समजावून सांगितले होते. त्या काळी वसंतात अशी चार-पाच वादळे येत. पुढे ती तीनवर आली, मग दोनवर. आणि करारात म्हटले होते की मोजणी प्रत्येक वसंतात नव्याने सुरू होईल. ते वाक्य यशवंतने तेव्हा वाचले होते. त्याला ते खटकले नव्हते. राहिलेली पाळी वर्ष उलटले की पुसली जाऊ शकते, ही शक्यताच त्याच्या डोक्यात कधी शिरली नव्हती. दुसऱ्या कोणाला ती दिसली असती. फडाच्या गावातून आलेल्या माणसाला दिसली नाही.

"आकडे बघ," हेलन म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "बर्फ पडला नाही तर उत्तरेचं जंगल मे महिना काढणार नाही. जंगल जळलं की राख धरणात, आणि धरण म्हणजे हे सगळं शहर. माळावर एक पाऊस पडला तर काय होईल? गवत महिनाभर हिरवं राहील. गाव त्याने वाचणार नाही."

"आणि हात काढून घेतला तर?"

"तर नाणं. छापा किंवा काटा." ती क्षणभर थांबली. "माझे आजोबा पोसो ब्लांकोच्या पलीकडे गहू पेरायचे. मला हे सोपं जातं असं समजू नकोस."

यंत्राने डोंगराची शिफारस केली होती. गेल्या पाचही वसंतांत त्याने तीच केली होती आणि दर वेळी ती रास्त होती. हेच तर त्यातले भयंकर होते. त्यात कोणाची लबाडी नव्हती, चूकही नव्हती. रास्त निर्णयांची रांग लागली होती आणि त्या रांगेच्या शेवटी एक गाव मरत होते.

कळ उद्या संध्याकाळपर्यंत दाबायची होती.

*

संध्याकाळी त्याची मुलगी रेवती जेवायला आली. उत्तरेच्या जंगलात वणवा विझवणाऱ्या तुकडीत ती तीन उन्हाळे काम करत होती. अंगाला धुराचा वास होता आणि एक भुवई अर्धी जळलेली होती. आई पुण्याला परत गेल्यापासून ती आठवड्यातून एकदा यायची आणि बापाच्या स्वयंपाकाला नावे ठेवायची.

"पुन्हा खिचडी? बाबा, तुम्ही वादळ फिरवता, पण कुकरमध्ये दुसरं काही फिरवता येत नाही का?"

"पापड आहे."

"मग ठीक आहे. पापड असला की माणसाने तक्रार करू नये."

ती जेवत होती आणि यशवंत तिच्या जळक्या भुवईकडे पाहत होता. ते तिच्या लक्षात आले.

"सरावात झालं. वारा उलटला. काही नाही."

"डोंगर किती कोरडा आहे?"

रेवतीने पापड मोडला. "आमच्यात एक रीत पडलीय. ज्या वसंतात बर्फ नसतो, त्या वसंतात लोक एकमेकांना घरी जेवायला बोलावतात. कोणी काही बोलत नाही, हसतात, मांस भाजतात, मुलांना खांद्यावर घेतात. या एप्रिलमध्ये मला चार आमंत्रणं आली."

यशवंतचा घास हातातच राहिला.

"म्हणूनच सांगायला आले," ती म्हणाली. "माझ्यामुळे कळ दाबू नका. आणि माझ्यामुळे दाबायची थांबूही नका. लोक म्हणतील मुलीसाठी केलं, किंवा मुलगी असूनही केलं. मला दोन्ही नको. मला हिशेबात धरू नका, बाबा."

"बापाला ते जमतं असं तुला वाटतं?"

"नाही," रेवती म्हणाली. "पण सांगायचं माझं काम होतं." आणि तिने आणखी खिचडी वाढून घेतली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच एलोईसा बाकाचा फोन आला होता. "ये. कॉफी पाजते," एवढेच ती म्हणाली. एलोईसा सत्तरीची, विधवा, गुरे राखणारी. करार समजावून सांगायला यशवंत प्रथम पोसो ब्लांकोला गेला तेव्हा साऱ्या गावाच्या वतीने प्रश्न हिनेच विचारले होते आणि त्यानंतर दर नाताळला मिरचीची माळ हिनेच पाठवली होती. ती त्याला 'मिहो' म्हणे. तिच्या भाषेत 'बाळा'.

डोंगर ओलांडून गाडी माळावर उतरली तसे गवत विरळ होत गेले. मग गवत संपले आणि कुंपणाच्या तारांत अडकलेली काटेरी झुडपे तेवढी राहिली. काही ठिकाणी धूळ साचून कुंपणच बुडाले होते. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत चक्क्या मात्र शुभ्र, धुतल्यासारख्या उभ्या होत्या. पूर्वी या गावात शाळा होती. आता सहा घरांतून धूर निघत होता.

चर्चसमोर दहाबारा माणसे जमली होती. एक साधी लाकडी खुर्ची दोघांनी उचलून धरली होती.

यशवंतला ही रीत माहीत होती. शेतकऱ्यांचा संत इसिद्रो, त्याची लाकडी मूर्ती, पायाशी चिमुकली बैलजोडी. पाऊस ताणला की गाव संताला वाजतगाजत शेतावर नेते आणि तिथेच उघड्यावर ठेवते. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे म्हणून. पाऊस पडला की त्याला आत आणायचे. आपल्याकडे देव पाण्यात ठेवतात, हे लोक उन्हात ठेवतात, असे त्याला पहिल्यांदा ते पाहताना वाटले होते आणि त्याने ते आत्याला सांगितलेही होते.

पण आज खुर्ची रिकामी होती.

"संत कुठे आहे?" त्याने विचारले.

"आत. गेले तीन वसंत तो बाहेरच उभा होता. नाकावरचा रंग उडाला," एलोईसा म्हणाली. "शेवटी हा फेलिक्स म्हणाला, त्याला का छळता? त्याच्या हातात आता काय आहे?"

फेलिक्स हा तिचा दीर. त्याने टोपी मागे सारली. "ज्याच्या हातात आहे त्याला न्यावं म्हटलं. संताबरोबर बैल असतात, याने मोटार आणलीय. पण चालवून घेऊ."

कोणीतरी हसले. हसण्यात विखार नव्हता आणि त्यामुळेच यशवंतला नाही म्हणता आले नाही. ते सारे चालू लागले. म्हाताऱ्या बायका नेहमीचेच गाणे म्हणत होत्या. फक्त जिथे संताचे नाव यायचे तिथे त्या गप्प राहत आणि पुढची ओळ धरीत. एलोईसाच्या शेताच्या मधोमध त्यांनी खुर्ची ठेवली. यशवंत बसला. कोणी त्याला काही मागितले नाही. कॉफीचा पेला त्याच्या हातात दिला आणि एकेक करून माणसे परत गेली. एलोईसा तेवढी मागे राहिली. उपड्या बादलीवर बसली.

डोक्यावर चक्कीचे पाते संथपणे येत होते आणि जात होते. त्याची सावली दोघांवरून फिरत होती. यशवंतने पायाने माती उकरली. खाली ओल नव्हती. आणखी खाली पांढरा खडक होता.

मग तो म्हणाला, "एलोईसा, पाऊस मागणार असशील तर..."

"पाऊस कोण मागतंय? हात काढ, मिहो. एवढंच. पूर्वीसारखं कुठेही पडू दे. इथे पडो, डोंगरावर पडो, समुद्रात जाऊन पडो. पूर्वी पडला नाही की मी संताला शिव्या द्यायची, आणि झोपण्याआधी त्याचीच माफी मागायची. नवरा गेला तरी तेवढं भांडण राहिलं होतं मला. आता तुला शिव्या देऊन मी कुणाची माफी मागू?"

"हात काढला तरी तो माझाच हात असेल," यशवंत म्हणाला. "मला आता दिसतं ना, काय होऊ शकतं ते. डोळे असताना मिटून घेतले, तर जे घडेल ते मीच केलेलं असेल. आणि वर जंगलात माझी मुलगी आहे."

"हो." तिने मान हलवली. "तेच तर वाईट झालंय. तुम्हाला दिसायला लागलं."

वाऱ्याची पहिली झुळूक आली. तिने डोक्याचा रुमाल घट्ट केला.

"तुझ्या गावाकडे पाणी वाटून घेतात, असं तू पहिल्या सभेत सांगितलं होतंस. मला आठवतं. कोणतं शेत कोरडं ठेवायचं ते कोण ठरवायचं?"

"पंच. गावातलेच पाच जण."

"त्यांची शेतं कुठे असायची?"

"सगळ्या फडांत. प्रत्येकाचा एक तुकडा. कोरड्या फडातसुद्धा."

एलोईसाने माळावरून एकदा नजर फिरवली. बुडालेले कुंपण, रिकामी घरे, पांढऱ्या चक्क्या. "आणि तुझा तुकडा इथे कुठे आहे?"

ती उठली, बादली सरळ केली, त्याच्या हातातला पेला घेतला.

"रीत अशी की पाऊस पडल्याशिवाय संताला आत न्यायचं नाही. पण तू माणूस आहेस. जा, वारा सुटायच्या आत डोंगर ओलांड."

*

केंद्रावर तो परतला तेव्हा ऊन कलले होते. हेलन वाट पाहत होती. पडद्यावर भोवरा किनाऱ्याच्या आणखी जवळ आला होता आणि त्याच्यापुढे तीन वाटा तीन रंगांत आखलेल्या होत्या: डोंगराची निळी, माळाची हिरवी आणि मधली करडी, जिला शेवटी दोन फाटे फुटत होते.

करड्या वाटेकडे तो बराच वेळ पाहत उभा राहिला. एलोईसाने मागितले होते ते एवढेच. ती वाट निवडण्यात एक प्रकारची सुटका होती. आणि सुटका होती म्हणूनच ती त्याला निवडता येईना. उद्या जंगल पेटले आणि कोणी विचारले, तर तो काय सांगणार होता? नाणे उडवले होते म्हणून? हिरव्या वाटेवर राहिलेली सारी पाळी होती, दिलेला शब्द होता, आणि पावसानंतर महिनाभर टिकणारे गवत होते. निळ्या वाटेवर लाखो माणसांचे नळ होते. तिथे रेवतीही होती. तिला हिशेबाबाहेर ठेवून पाहावे म्हणून त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. तिला बाजूला ठेवले तरी उत्तर तेच येत होते. आणि त्यावर आपण विश्वास ठेवावा की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

त्याने निळी कळ दाबली.

आवाज झाला नाही. कुठेतरी दूर खिंडींमध्ये हजारो पाती थोडी वळली असतील, एवढेच.

हेलनने सुस्कारा सोडला. "योग्य केलंस."

"हो," यशवंत म्हणाला. "हेलन, मी पोसो ब्लांकोला राहायला जातोय."

"किती दिवस?"

"राहायला."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. "काम तिथूनही होईल, म्हणत असशील, पण होणार नाही. माळावर राहणारा माणूस हितसंबंधी ठरतो. पुढच्या वसंतात तुला कळ दाबता येणार नाही."

"आणि शहराच्या नळाचं पाणी पिणारा?"

हेलन प्रामाणिकपणे म्हणाली, "त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही."

"आमच्या गावात ज्याचं काही जाणार नाही त्याला ठरवायला बसवत नसत. इथे ज्याचं काही जाईल त्याला उठवतात." तो रागावलेला नव्हता. जणू आकाशाबद्दलचे एखादे निरीक्षण नोंदवत होता. "पुढच्या वेळी कोण बसेल?"

"बसेल कोणीतरी. यश, तुझ्या जाण्याने तिथे एक थेंब जास्त पडणार नाही."

"मला माहीत आहे."

*

वादळ ठरल्या वाटेने आले. ज्या दिवशी उत्तरेच्या डोंगरांवर बर्फ सुरू झाला, त्याच सकाळी यशवंतने डाळिंबाच्या बुंध्याशी शेवटची बादली ओतली, शेजारणीला घराची किल्ली दिली, गाडीत दोन पेट्या आणि कुकर ठेवला. वाटेत रेवतीचा फोन आला. "पडतोय, बाबा," ती म्हणाली. "धरला होता त्याहून कमी. पण पडतोय. आता पेटलं तर मेऐवजी जूनमध्ये." मग थोडे थांबून, "तिथे जेवायचं काय करणार?" "खिचडी," तो म्हणाला. ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज बदलला, म्हणून तिने फोन ठेवला.

डोंगर ओलांडताना मागच्या आरशात पांढरे होते आणि समोरच्या काचेत तांबडे. माळावर धुळीची भिंत उभी होती. दिवे लावून, कुंपणाच्या खांबांवर नजर ठेवत, तो पोहोचला. गावात आता पाच घरे उरली होती. फेलिक्स आदल्या दिवशीच टेक्ससमधल्या मुलीकडे निघून गेला होता आणि त्याच्या घराची किल्ली एलोईसाच्या चुलीवरच्या फळीवर होती. तिने यशवंतच्या पेट्यांकडे पाहिले. किल्ली काढून दिली. का, किती दिवस, काही विचारले नाही.

"हे तू केलंस," दाराबाहेरच्या तांबड्या अंधाराकडे हनुवटीने दाखवत ती म्हणाली.

"हो."

"बर्फ पडला का तिकडे?"

"पडला. थोडा."

"मुलगी?"

"जूनपर्यंत बरी आहे."

"मग काहीतरी झालं म्हणायचं." तिने रुमालाने तोंड पुसले. रुमालावर मातीचा पट्टा उमटला. खिडकीतून शेत अंधुक दिसत होते आणि शेताच्या मध्यावर ती लाकडी खुर्ची, वाऱ्याने आडवी पडलेली. यशवंत बाहेर गेला. वाऱ्याकडे पाठ करून, वाकून, तो खुर्चीपर्यंत पोहोचला, तिला उभी केली आणि कुंपणातली तुटकी तार ओढून तिचे पाय खांबाला घट्ट आवळून बांधले. वर चक्कीची पाती त्याने सांगितलेल्या कोनात वळून आखाताकडचा उरलासुरला वारा अडवीत फिरत होती.

तो परत आला तेव्हा एलोईसा दारातच होती. "आत आण ना ती," ती ओरडून म्हणाली. "मोडेल."

"पाऊस पडला का?"

तिने त्याच्याकडे पाहिले. "नाही."

"मग राहू दे बाहेर."

फेलिक्सच्या घरात शिरून त्याने दार लावले. विहिरीच्या बादलीत तळाला पाणी होते. त्यात त्याने टॉवेल बुडवला, हलक्या हाताने पिळला आणि उंबऱ्याला लावला.